हातात मावणारा शॉर्टवेव्ह रेडिओ: कुठला घ्यावा आणि कशावरून ठरवावं

शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायला निघालेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात लांबचं स्टेशन कुठला सेट पकडतो? प्रश्न रास्त आहे, पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला त्याच्या उत्तराचा फारसा उपयोग नाही. बऱ्यापैकी कंपनीचे आजचे छोटे सेट क्षीण सिग्नल पकडण्याच्या बाबतीत एकमेकांच्या इतके जवळ आलेत की तो फरक घरातल्या खरखरीखाली गाडला जातो. खरा फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टींत. शेजारची दोन स्टेशनं सेट किती नीट वेगळी करतो, लावायला किती सोपा आहे, सेल कुठले लागतात, तासभर ऐकून कान दुखतात का. माझं मत विचाराल तर रेडिओ या क्रमाने निवडावा आणि पल्ल्याचा विचार शेवटी करावा. असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे डोंगर आडवा आला की ती संपली. शॉर्टवेव्हची लहर वर जाते, आयनांबरात, म्हणजे हवेच्या खूप उंचावरच्या विद्युतभारित थरांत वळते आणि दोन-तीन हजार किलोमीटर पलीकडे खाली उतरते. तिथून जमिनीवर आपटून पुन्हा वर, असंही चालू राहतं. आयनांबर तयार होतं सूर्यामुळे. दिवसा त्याचा सगळ्यात खालचा थर, ज्याला डी थर म्हणतात, कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरींना वरच्या थरापर्यंत वाट मोकळी होते. म्हणून ४९ आणि ४१ मीटरचे पट्टे, म्हणजे ६ आणि ७ मेगाहर्ट्झच्या आसपासची स्टेशनं, रात्री फुलतात. १९ आणि १६ मीटर, म्हणजे १५ आणि १७ मेगाहर्ट्झ, हे दिवसाचे पट्टे. मधले ३१ आणि २५ मीटर संध्याकाळी हात देतात. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकलेल्या पिढीला मीटरचे हे आकडे पाठ असत, त्यामागचं कारण ठाऊक नसलं तरी.

यातून दोन सेटची तुलना करण्याचा पहिला नियम निघतो. सोमवारी रात्री एका सेटवर ऐकलं, मंगळवारी दुसऱ्यावर, आणि म्हटलं की दुसरा भारी, तर ती तुलना कामाची नाही. आकाशच बदललेलं असतं. दिवस सोडाच, एकाच मिनिटात सिग्नल चढतो आणि बुडतो. दोन्ही सेट शेजारी-शेजारी, एकाच फ्रीक्वेन्सीवर, एकाच वेळी, एरियल सारख्याच लांबीच्या ओढून ऐकले तरच काही बोलता येतं. त्यातही दोघांमध्ये हातभर अंतर हवं, कारण एका सेटच्या आतल्या सर्किटमधून निघणारी खरखर दुसऱ्यात शिरते. नेटवरच्या कितीतरी व्हिडिओंमध्ये दोन सेट एकमेकांना टेकवून ठेवलेले दिसतात. तिथे नक्की काय मोजलं जातंय, देव जाणे.

आता घरातल्या खरखरीबद्दल. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायच्या डब्याचा अडॅप्टर, टीव्ही, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सौर पॅनेलचं यंत्र, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्यातून नेमका शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात कचरा पसरतो. वायरिंग स्वतःच एरियल बनतं आणि तो कचरा घरभर फिरवतं. सेट जितका संवेदनशील, तितका हा कचराही जास्त ओढतो. वरातीचा बँड वाजत असताना कानाला श्रवणयंत्र लावलं तर बँडच मोठा ऐकू येणार. स्वतःच्या घराची परीक्षा करायची तर रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम बसली तर दोष घरातलाच आहे. मग एकेक वस्तू चालू करत गुन्हेगार शोधायचा. बसली नाही तर शेजाऱ्यांकडून किंवा रस्त्यावरच्या दिव्यांतून येतेय, तिथे आपला इलाज चालत नाही.

चालणारे इलाज साधे आहेत. ऐकताना सेट सेलवरच ठेवायचा, चार्जर लावलेला नको. खिडकीशी किंवा बाल्कनीत बसायचं, कारण आरसीसीच्या भिंतींमधल्या सळया लहर अडवतात. पाच-सात मीटरची साधी वायर बाल्कनीतून बाहेर सोडून तिचं टोक मगरचिमट्याने सेटच्या एरियलला जोडलं तर पुष्कळदा हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या सेटपेक्षा मोठा फरक पडतो. मात्र फार लांब वायर छोट्या सेटला झेपत नाही. सिग्नल इतका जोरदार होतो की सेटच्या आत भेसळ सुरू होते आणि जिथे काहीच नाही तिथे आवाज येऊ लागतात. मालाडला आकाशवाणीचे मध्यमलहरींचे ट्रान्समीटर आहेत. अशा ठिकाणाजवळ राहणाऱ्यांनी वायर आखूडच ठेवावी. टेक्सन कंपनीच्या पीएल-६६० आणि पीएल-८८० या सेटवर 'डीएक्स' (म्हणजे लांबचं), 'नॉर्मल', 'लोकल' असं एक बटण असतं, ते अशा वेळी कामाला येतं. त्याला हात न लावताच सेट खराब आहे म्हणणारे खूप.

सेटच्या पोटात काय आहे, यावर बराच फरक पडतो. बाजारात मिळणारे स्वस्त, काटा फिरवायचे बहुपट्टा रेडिओ बहुतेक एका टप्प्याचे असतात. आलेली कुठलीही फ्रीक्वेन्सी ते एकदाच ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतात. या पद्धतीत एक खोट आहे: जोरकस स्टेशन आपल्या खऱ्या जागेखेरीज या ४५५च्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खालीही भुतासारखं उमटतं. ११९०० किलोहर्ट्झवरचं स्टेशन १०९९०वरही बोलताना सापडलं तर समजा की हा तोच मामला आहे. अशा रेडिओवर 'पट्टा भरलेला वाटतो' याचं निम्मं श्रेय या भुतांना जातं. चांगल्या जुन्या धाटणीच्या सेटमध्ये दोन टप्पे असतात. आधी सिग्नल खूप वर, ५५ मेगाहर्ट्झच्या पलीकडे नेतात आणि मग ४५५वर आणतात, त्यामुळे भूत शॉर्टवेव्हच्या बाहेर फेकलं जातं. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर आणि टेक्सनचा पीएल-६६० हे या घराण्यातले. तिसरी जात म्हणजे डीएसपी चिपवाले. यात सिलिकॉन लॅब्ज कंपनीची नखाएवढी चिप सगळं काम गणिताने करते. टेक्सन पीएल-३१०ईटी, पीएल-३३०, एक्सएचडेटा डी-८०८ हे असे सेट. हातातल्या छोट्या रेडिओंच्या किमती खाली आल्या त्या प्रामुख्याने या चिपमुळे.

चिपचा सगळ्यात मोठा फायदा गाळणीत दिसतो, आणि माझ्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. शॉर्टवेव्हवर स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात, पण प्रत्येकाचा आवाज दोन्ही बाजूंना साधारण तितकाच पसरतो. म्हणजे शेजारी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवूनच उभे. त्यात चीनसारख्या देशाची दणदणीत स्टेशनं शेजारी असली की मधलं बारीक स्टेशन चिरडलं जातं. सेटची गाळणी किती रुंदीचा तुकडा आत घेते, त्याला बँडविड्थ म्हणतात. रुंदी जास्त असेल तर आवाज भरदार, पण शेजारी आत घुसतो. रुंदी कमी केली तर शेजारी बाहेर, पण बोलणाराही नाक दाबून बोलल्यासारखा वाटतो आणि 'स', 'श' ऐकूच येत नाहीत. सोनीच्या ७६००जीआरमध्ये एकच गाळणी आहे, मिळेल ते निमूट ऐकायचं. पीएल-६६०मध्ये रुंद आणि अरुंद अशा दोन. पीएल-८८०मध्ये साध्या प्रसारणासाठी चार: ९, ५, ३.५ आणि २.३ किलोहर्ट्झ. डी-८०८मध्ये ६ पासून पार १ किलोहर्ट्झपर्यंत पायऱ्या आहेत. एक किलोहर्ट्झची पायरी बोलणं ऐकायला निरुपयोगीच, पण तीन आणि अडीचची पायरी सोन्यासारखी.

इथे एक युक्ती सांगतो, कारण सेटबरोबरच्या पुस्तिकेत ती सहसा नसते. समजा ऐकायचंय ९६००वर आणि त्रास देणारा बसलाय ९६०५वर. सेट बरोबर ९६००वर ठेवण्याऐवजी ९५९९ किंवा ९५९८वर सरकवा आणि गाळणी अरुंद करा. आवाजाची एक बाजू पुरेशी असते. त्रासदायक बाजू गाळणीबाहेर राहते. हे करायला सेट एकेका किलोहर्ट्झने हलला पाहिजे. पाच-पाचच्या उड्या मारणारा सेट असेल तर युक्ती संपली.

पुढचा शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो: एसएसबी. साध्या प्रसारणात स्टेशन आवाजाबरोबर एक वाहक लहर आणि आवाजाच्या दोन सारख्या बाजू पाठवतं. एसएसबीमध्ये वाहक आणि एक बाजू कापून फक्त उरलेली बाजू पाठवतात, म्हणजे कमी शक्तीत लांब जाता येतं. साध्या रेडिओवर हे बदकाच्या बोलण्यासारखं ऐकू येतं, कारण कापलेली वाहक लहर सेटने स्वतः तयार करून जोडावी लागते. हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे, यावर बोलतात. भारतात ७००० ते ७२०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सकाळी 'व्हीयू'ने सुरू होणारी नावं घेत चाललेल्या गप्पा ऐकू येतील. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (आवाजाची खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू) हा त्यांचा रिवाज. ६६७६ आणि ११३८७वर मुंबई विमानतळाच्या नावाने हवामान वाचून दाखवणारं व्होल्मेट प्रसारणही यूएसबीवर असतं. या गोष्टींची गोडी असेल तरच एसएसबीसाठी पैसे मोजा. नुसते बातम्या-गाणी ऐकायची असतील तर एसएसबी नसलेला पीएल-३१०ईटी पुष्कळ झाला.

एसएसबीचा एक आडवाटेचा उपयोग मात्र सगळ्यांनाच होतो. दूरच्या स्टेशनची वाहक लहर मधूनच बुडते आणि आवाज घोगरा, फाटका होतो. सेट एसएसबीवर टाकून नेमका त्या फ्रीक्वेन्सीवर बसवला तर सेटची स्वतःची वाहक लहर जागा भरून काढते आणि आवाज सावरतो. त्यासाठी दहा-वीस हर्ट्झइतकं बारीक हलवता आलं पाहिजे. पीएल-३३० दहा हर्ट्झने हलतो, पीएल-६६०ला बाजूला वेगळं बारीक चाक आहे. हेच काम आपोआप करणाऱ्या सोयीला सिंक म्हणतात. सोनी ७६००जीआर आणि पीएल-६६० इथे बाजी मारतात: सिंक लावलं की दोन्ही बाजूंपैकी कमी त्रासाची बाजू निवडायची आणि निवांत ऐकायचं. पीएल-८८० आणि पीएल-३३०मध्येही सिंक आहे, पण त्याची पकड वारंवार सुटते आणि सुटताना जो कुंईऽऽ आवाज होतो तो मूळ घोगरेपणापेक्षा त्रासदायक. नवं ते प्रत्येक बाबतीत सरस असतंच असं नाही, हे इथे दिसतं.

आता रोजच्या वापराकडे. आकड्यांच्या बटणांनी थेट फ्रीक्वेन्सी टाकता येणं ही माझ्या लेखी पहिली अट. पण नुसती बटणं पुरत नाहीत, पट्टा चाळायला फिरतं चाक हवंच. सोनीचा ७६००जीआर इतका नावाजलेला, पण त्याला चाकच नाही. प्रत्येक पाऊल बटण दाबून. दोन संध्याकाळीत अंगठा कंटाळतो. पीएल-८८०ला दोन चाकं आहेत, एक मोठ्या पावलांचं आणि एक बारीक, आणि ती फिरवण्यात खरोखर सुख आहे. चिपवाल्या काही सेटमध्ये चाक फिरवताना प्रत्येक पावलाला आवाज क्षणभर तुटतो, त्यामुळे दबलेलं स्टेशन कानाला सापडत नाही. सिग्नल क्षीण झाला की आवाज आपणहून दाबायची खोडही यांच्यात असते. खरखर ऐकवायची नाही म्हणून ही सोय, पण बारीक स्टेशन शोधणाऱ्याला ती छळते. दुकानात किंवा मित्राकडे सेट हातात मिळाला तर आधी हेच तपासा.

ज्यांना चाक फिरवत बसायचं नाही त्यांच्यासाठी टेक्सनची ईटीएम सोय आहे. बटण दाबून ठेवायचं, सेट सगळे प्रसारण पट्टे काही मिनिटांत चाळतो आणि त्या वेळी सापडलेली स्टेशनं एका तात्पुरत्या यादीत भरतो. मग फक्त चाक फिरवून एकेक ऐकायचं. पीएल-३३०मध्ये ही यादी तासागणिक वेगळी राहते, म्हणजे सकाळी सातची वेगळी, रात्री नऊची वेगळी. शॉर्टवेव्हचं दिवस-रात्रीचं गणित या सोयीत चपखल बसतं. वडीलधाऱ्यांना सेट द्यायचा असेल तर मी या एका गोष्टीसाठी टेक्सन घेईन.

सेलचा विचार फार थोडे जण करतात. सोनी ७६००जीआर आणि पीएल-६६०ला चार पेन्सिल सेल लागतात, गावातल्या कुठल्याही टपरीवर मिळतात. फक्त महिनोन् महिने वापर नसेल तर काढून ठेवा. सेल पाझरून डब्यातल्या स्प्रिंगा खाल्ल्या की सेट गेलाच. पीएल-८८० आणि डी-८०८ला १८६५० हा लिथियमचा गोल सेल लागतो. इथे बाजारात सावध राहावं लागतं. अंगावर ९९०० एमएएच छापलेले सेल सर्रास विकले जातात, पण या मापात चांगल्या कंपनीचे नेहमीचे सेल ३५००च्या आसपास थांबतात. जितका मोठा आकडा, तितका खोटा सेल. पीएल-३३०ची गंमत वेगळीच: त्यात बीएल-५सी बॅटरी बसते, म्हणजे नोकिया ११००ची. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ती आजही हाताशी असते, त्यामुळे हा सेट दहा वर्षांनीही बंद पडायचा नाही. चार्जिंग मोबाइलच्या मायक्रो यूएसबी वायरने होतं. पीएल-६६०ला मात्र सहा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि प्रवासात तो घरी विसरला जातो.

आवाजात पीएल-८८०च्या जवळपास यातलं कुणी येत नाही. स्पीकर मोठा, बोलणं गोल आणि स्पष्ट. तासभर बातम्या ऐका, डोकं उठत नाही. पीएल-३३० खिशात मावतो, साहजिकच त्याचा आवाज डबीतून आल्यासारखा. इअरफोन लावला की ही तक्रार मिटते. पीएल-६६० आणि डी-८०८वर विमानं आणि विमानतळ यांचं व्हीएचएफ बोलणंही लागतं, तो एक जादा खेळ.

तेव्हा माझा कौल असा. एकच सेट घ्यायचा, तो प्रवासालाही न्यायचा, आणि खरखरीच्या शहरात ऐकायचा, तर पीएल-३३०. घरात एका जागी बसून रोज ऐकायचं असेल तर पीएल-८८०. गावाकडे, जिथे वीज कमी आणि आकाश शांत, तिथे पीएल-६६० अजूनही हटत नाही, आणि तिथेच त्याचं सिंक खरं कामाला येतं. डी-८०८ गाळणीच्या पायऱ्यांसाठी आवडतो, पण १८६५०चा चांगला सेल मिळवायची तयारी असेल तर. यातले बरेच सेट परदेशातून मागवावे लागतात आणि वर कस्टम्सचं शुल्क पडतं, ते किमतीत धरूनच तुलना करा.

सेट आल्यावर पहिली चाचणी १०००० किलोहर्ट्झवर करा. तिथे चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र सेकंदासेकंदाला टिकटिक पाठवतं आणि भारतात पुष्कळदा नीट लागतं. टिकटिक एकसारखी असल्यामुळे सिग्नल किती चढतो-उतरतो, गाळणी बदलली की काय होतं, वायर जोडून किती फरक पडला, सगळं कानाला लगेच कळतं. पडद्यावरचे डेसिबलचे आकडे एकाच सेटवर दोन एरियलची तुलना करायला ठीक. दोन वेगळ्या सेटचे आकडे शेजारी मांडू नका, प्रत्येकाची पट्टी निराळी असते. आणि सेटचं एक घड्याळ जागतिक वेळेवर ठेवा. स्टेशनांची वेळापत्रकं त्याच वेळेत असतात, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

जुना सोनी घ्यायचा मोह झाला तर तोही समजण्यासारखा आहे. ७६००जीआर २०१८च्या सुमारास बंद झाला, त्यामुळे आता मिळेल तो वापरलेलाच. बघताना एरियलची प्रत्येक नळी ओढून पाहा, सेलच्या डब्यात हिरवा गंज आहे का ते टॉर्च मारून बघा, आकड्यांचं प्रत्येक बटण दाबून खात्री करा. मग रात्री ४९ मीटरवर सिंक लावून पाच मिनिटं ऐका. पकड टिकली तर घ्या.